आत कोणी होतं का?

२०२२ चा गुढीपाडवा, २ एप्रिल. नागपूरचा एप्रिल ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको, दिवसभर गच्ची तव्यासारखी तापते आणि संध्याकाळी चार बादल्या ओतल्याशिवाय वर बसता येत नाही. तसं पाणी मारून आम्ही घरातले सगळे वर बसलो होतो. गुढी उतरवून झालेली, कडुनिंबाचा सुकलेला डहाळा कठड्याजवळ तसाच पडलेला, पुतणी गाठीतली शेवटची साखरेची चकती चोखत चटईवर आडवी. पावणेआठच्या आसपास तीच ओरडली, "काका, ते पहा काय येऊन राहिलं!"

मावळतीकडून एक दिवा येत होता. आधी वाटलं विमान असेल, मग त्याच्यामागे दुसरा दिसला, मग तिसरा, आणि मग सगळी रांगच, पिवळट-तांबूस, प्रत्येकाला मागे ठिणग्यांची शेपटी आणि आवाज म्हणाल तर काहीच नाही. मी गेली पंधरा-सोळा वर्षं आकाशदर्शनाच्या ग्रुपबरोबर शेतांमध्ये रात्री जागवल्यात, उल्का शेकड्यांनी पाहिल्यात, पण उल्का कशी असते, "ती बघ" म्हणेस्तोवर संपलेली असते. हे संपतच नव्हतं. पालखी निघावी तसं सावकाश आभाळाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चाललं होतं. अंगावर काटा आला माझ्या.

"विमान होय ते," म्हणत मोठ्या काकू उठून उभ्या राहिल्या. "जळून राहिलं. खिडक्या पाहा ना त्याच्या, आत लाइट चालू आहे." आणि मग त्यांनी हात जोडले. "माणसं असतील रे आत."

मला तोपर्यंत खिडक्या दिसल्या नव्हत्या. पण त्यांनी म्हटलं आणि पुढच्या दोन-तीन सेकंदांत मलाही दिसल्या. दोन दिव्यांच्या मधलं जे नुसतं काळं आभाळ होतं ना, तिथे मला पत्र्याचं लांबट पोट दिसलं, अगदी स्पष्ट, आणि मग ते घरांच्या आड गेलं आणि गच्चीवर कोणीच काही बोलेना.

त्या रात्री एक गोष्ट माझ्याकडून बरी झाली. टीव्ही लावायच्या आधी मी सगळ्यांना जुन्या कॅलेंडरची पानं फाडून दिली आणि म्हटलं, एकमेकांशी बोलू नका, जे दिसलं ते मागच्या कोऱ्या बाजूवर काढा. ती पानं अजून माझ्या कपाटात आहेत. पुतणीने शेपट्यावाले सात ठिपके काढलेत, प्रत्येक वेगळा, कुठेही जोडलेला नाही. भावाने पाच ठिपके आणि एक बाण काढला. काकूंनी विमान काढलंय, पुढे नाक, एका ओळीत नऊ खिडक्या, आणि एका खिडकीत छोटासा गोल, म्हणजे डोकं. चौघांनी एकाच वेळी, एकाच गच्चीवरून, एकच गोष्ट पाहिली होती.

ते काय होतं हे दोन तासांत कळायला लागलं. तेवढ्यातच चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातून बातमी आली की लाडबोरी गावात आभाळातून धातूची एक मोठी कडी येऊन पडली, साधारण १० फूट व्यासाची, वजन ४० किलोच्या घरात. आमच्यापासून शे-सव्वाशे किलोमीटरवर. पुढच्या दिवसांत त्याच तालुक्यात धातूचे गोळेही सापडले, पोलिसांनी सगळं ताब्यात घेतलं, इस्रोची माणसं येऊन पाहून गेली. आणि तिकडे अमेरिकेत जोनाथन मॅकडॉवेल नावाचे खगोलशास्त्रज्ञ, जे पृथ्वीभोवती फिरणाऱ्या एकेका तुकड्याची वर्षानुवर्षं वही ठेवतात, त्यांनी सांगितलं की हा बहुतेक चीनच्या चांग झेंग-३बी रॉकेटचा तिसरा टप्पा, फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेला, तो त्याच सुमारास खाली यायचा होता आणि वेळ-जागा दोन्ही जुळतात. म्हणजे वर्षभर रिकामं फिरत असलेलं नळकांडं हवेत शिरलं, घासून तापलं, जमिनीपासून साधारण ८० किलोमीटरवर फुटलं आणि त्याचे तुकडे एकामागे एक एकाच वाटेने जळत गेले. रॉकेटचे तुकडे येतात सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने, तेही आडवे, म्हणून ते एवढा वेळ दिसतात. उल्का त्याहून कितीतरी जोरात शिरते, म्हणून ती चटकन संपते. एवढा एक फरक माहीत असला तरी अर्धं कोडं सुटतं.

आता या लेखाचं खरं कारण. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांमधल्या एका मुलाने ते कॅलेंडरचं पान पाहिलं आणि तो हसला. "आजी, चीनच्या कचऱ्यात तुम्हाला खिडकी दिसली? डोकं पण?" सगळे हसले. काकू उठून आत गेल्या आणि पुढे दोन दिवस त्यांनी त्या रात्रीचा विषय काढला नाही. मला त्या हसण्याचा आजही राग येतो. कारण काकू खोटं बोलत नव्हत्या, वेड्या नाहीत, बावळट तर मुळीच नाहीत, बेचाळीस वर्षं घरचा दुकानाचा हिशोब तोंडी ठेवलेली बाई आहे ती. आणि त्यांना जे झालं ते अमेरिकेत याआधी अगदी तसंच झालेलं आहे, त्याची नोंद आहे.

३ मार्च १९६८ च्या रात्री अमेरिकेतल्या टेनेसी, इंडियाना, ओहायो या भागांवरून असाच दिव्यांचा ताफा गेला. सोव्हिएत युनियनच्या झोंड-४ मोहिमेतल्या रॉकेटचे ते तुकडे होते. पाहणाऱ्यांनी हवाई दलाला कळवलं, आणि त्या पत्रांमध्ये बऱ्याच जणांनी नुसते जळते तुकडे असंच लिहिलं, पण काहींनी लिहिलं की सिगारच्या आकाराचं एक लांब यान होतं, त्याला आतून उजळलेल्या चौकोनी खिडक्या होत्या आणि ते झाडांच्या शेंड्यांच्या जरासं वरून गेलं. झाडांच्या शेंड्यांवरून! होतं ते कित्येक किलोमीटर वर. त्याच काळात कोलोरॅडो विद्यापीठात एडवर्ड कॉन्डन या भौतिकशास्त्रज्ञाच्या हाताखाली उडत्या तबकड्यांची चौकशी चालू होती, त्या गटातल्या विल्यम हार्टमन यांनी ही पत्रं तपासली आणि दाखवून दिलं की चांगल्या, प्रामाणिक, शिकल्यासवरल्या माणसाचा मेंदूसुद्धा ओळीतले दिवे दिसले की त्यांच्यामध्ये न दिसलेलं एक शरीर भरून टाकतो. ते वाचलं तेव्हा मला काकूंचं पान आठवलं आणि मी त्यांना तो भाग मराठीत सांगितला. त्या म्हणाल्या, "म्हणजे तिकडच्या लोकांनाही दिसल्या होत्या ना खिडक्या." मी म्हटलं, हो. एवढ्यावर त्यांचं समाधान झालं, आणि माझंही खरं तर तिथेच झालं, कारण उडत्या तबकड्यांच्या एवढ्या मोठ्या विषयातली सगळ्यात मोठी गाठ तिथेच आहे. दिसणं खरं असतं. अडचण येते ती दिसलेल्याला नाव देताना.

डोळ्याला अंतर कळत नाही हे लोकांना पटतच नाही. आपल्या दोन डोळ्यांमध्ये अंतर किती, सहा-साडेसहा सेंटीमीटर. त्यावर आपण ताटातला घास, समोरची रिक्षा, रस्त्यापलीकडचं झाड यांचा अंदाज बांधतो. पण रात्रीच्या आभाळात नुसता उजेड असेल आणि त्याचा खरा आकार ठाऊक नसेल तर तो दोनशे फुटांवर आहे की दोन कोटी किलोमीटरवर, हे डोळा सांगूच शकत नाही, आणि अंतर चुकलं की आकार चुकतो, आकार चुकला की वेग चुकतो, आणि मग "असं वळण कुठलंही विमान घेऊ शकत नाही" हे वाक्य येतं. शिवाय काळोखात एका स्थिर ठिपक्याकडे टक लावून बघा, थोड्या वेळात तो हलायला लागतो. हलतो आपला डोळा आणि आपला मेंदू, ठिपका जागेवरच असतो. आमच्या ग्रुपला दर दीड-दोन वर्षांनी एक हंगाम असतो, शुक्र संध्याकाळी पश्चिमेला झळकायला लागला की फोन सुरू होतात, भाऊ, वर्धा रोडवर ड्रोन उभा आहे, आमच्या गाडीचा पाठलाग करून राहिला. लहानपणी एसटीच्या खिडकीतून चांदोबा आपल्याबरोबर धावतो असं वाटायचं ना, तेच ते, शुक्राची चांदणी गाडीबरोबर धावते. मी कधीच कोणाला हसत नाही. वेळ विचारतो, दिशा विचारतो, हाताची मूठ लांब धरून क्षितिजापासून किती मुठी वर आहे ते विचारतो, आणि मग सांगतो.

आणि फोन करणाऱ्यांनी लाजायचं कारणच नाही, कारण आपल्या लष्करालाही हे झालेलं आहे. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात लडाखमध्ये पँगाँग सरोवराच्या बाजूला जवानांनी आभाळात ३२९ वेळा अनोळखी वस्तू पाहिल्या, त्यातल्या १५५ वेळा त्या सीमा ओलांडून आत आल्याची नोंद झाली, चीनचे हेरगिरीचे ड्रोन असावेत असा संशय. शेवटी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या लोकांना बोलावलं. त्यांनी नीट मापं घ्यायला लावली, किती वाजता, कुठल्या ताऱ्यांच्या मानाने कुठे, आणि त्यातून निघाला गुरू आणि शुक्र. एवढ्या उंचीवरची ती स्वच्छ कोरडी हवा, समोर शत्रूची हद्द, हाडं गोठवणारी थंडी, अशा ठिकाणी पहाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला त्या दिव्यात ड्रोन दिसणार नाही तर काय दिसणार! त्याचं कामच ते आहे. मला त्या जवानांबद्दल आदरच वाटतो, त्यांनी प्रत्येक वेळ लिहून ठेवली म्हणून तर उत्तर सापडलं.

माझी आजोळची आजी साताऱ्याकडची. ती सांगायची, अमावास्येच्या रात्री डोंगराच्या धारेवरून वेताळाची पालखी जाते, मशालींची रांग दिसते, त्या वेळी हाक मारायची नाही, वाटेत उभं राहायचं नाही. तिने पाहिली होती ती रांग, लहानपणी, एकदा. आज ती असती आणि गच्चीवर आमच्याबरोबर असती तर तिने पालखीच म्हटलं असतं, आणि तिच्या पानावर मशालवाले निघाले असते. काकूंनी आयुष्यात विमान पाहिलंय म्हणून विमान निघालं. माझ्या पुतणीच्या वर्गातली मुलं दुसऱ्या दिवशी एलियन म्हणत होती. उजेड तोच.

आणि हे नाव कसं पसरतं त्याची तर तारीखच माहीत आहे. २४ जून १९४७, अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात माउंट रेनियर डोंगराजवळ केनेथ अर्नोल्ड हे आपलं छोटं विमान चालवत होते, त्यांना नऊ चकाकत्या वस्तू एका साखळीत जाताना दिसल्या. त्यांनी सांगितलं की पाण्यावरून बशी फेकली की ती जशी टप्पे खात जाते तशी त्यांची चाल होती. चाल! आकार त्यांनी कागदावर काढला तो पुरता गोल नव्हताच. पण वर्तमानपत्रांनी फ्लाइंग सॉसर हा शब्द उचलला, आपल्याकडे त्याची उडती तबकडी झाली, आणि त्या उन्हाळ्यापासून जगभर लोकांना गोल तबकड्या दिसायला लागल्या. ज्यांना बश्यांसारखी चाल करायची होती ते परग्रहवासी वर्तमानपत्रातली चूक वाचून आपली यानं गोल करून घेतील का? हा प्रश्न मी खूप वर्षं स्वतःला विचारतोय आणि मला त्याचं एकच उत्तर मिळतं.

तरीही. इथे मी थांबतो, कारण मी उलट्या टोकालाही जाणार नाही. सगळंच शुक्र, सगळंच फुगे असं म्हणून हात झटकणारे लोकही मला आवडत नाहीत. अमेरिकन हवाई दलाने १९५२ ते १९६९ अशा अनोळखी वस्तूंच्या नोंदी तपासणारं प्रोजेक्ट ब्लू बुक चालवलं, आधीच्या वर्षांच्या धरून १२,६१८ नोंदी जमल्या, त्यातल्या ७०१ चा उलगडा झाला नाही. या कामाला सल्लागार होते जे. ॲलन हायनेक, खगोलशास्त्रज्ञ, सुरुवातीला अगदी कट्टर संशयी. १९६६ मध्ये मिशिगनमधल्या काही दिव्यांना ते दलदलीतला वायू म्हणाले आणि देशभर त्यांची टिंगल झाली, आणि पुढे पुढे तेच म्हणायला लागले की साक्षीदारांना आपण नीट वागवत नाही, हा विषय गंभीरपणे तपासायला हवा. मला हायनेक यांच्याबद्दल फार वाटतं. त्यांनी माणसांचं ऐकून घेतलं. पण त्या ७०१ चं काय, तर माझं मत असं की उरलेलं म्हणजे उरलेलं, बस. पोलीस ठाण्यात काही चोऱ्यांचा तपास लागत नाही, म्हणून त्या भुताने केल्या असं कोणी लिहीत नाही. फाइल उघडी ठेवतात. अनआयडेंटिफाइड म्हणजे अनोळखी, म्हणजे ओळख पटलेली नाही, आणि जी ओळख पटलेलीच नाही तिचा पत्ता दुसऱ्या ग्रहावरचा आहे असं छातीठोकपणे म्हणणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणंच.

त्यातली एक फाइल माझ्या डोक्यात कायम उघडी असते. १४ नोव्हेंबर २००४, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रावर, निमिट्झ या विमानवाहू जहाजावरच्या लढाऊ विमानांच्या तुकडीचे कमांडर डेव्हिड फ्रेव्हर आणि दुसऱ्या विमानातले सहकारी यांना एक पांढरी, लांबट, गोळीसारखी वस्तू दिसली, पंख नाहीत, धूर नाही. आधी काही दिवस बरोबरच्या जहाजाच्या रडारवरही काहीबाही येत होतं. फ्रेव्हर अनुभवी वैमानिक, वर्षानुवर्षं तेच सांगतायत, अमेरिकन संसदेच्या समितीसमोर शपथेवर सांगितलं. मला याचं उत्तर देता येत नाही आणि ते देता येतं असा आव मी आणणार नाही. पण त्या वेळच्या रडारचे मूळ आकडे जगासमोर नाहीत, हातात घ्यावी अशी वस्तू नाही, आणि जेव्हा जेव्हा आकडे हाताला लागतात तेव्हा काय होतं ते दुसऱ्या एका व्हिडिओत दिसलं. गोफास्ट म्हणून जो व्हिडिओ पेंटागॉनने २०२० मध्ये अधिकृतपणे खुला केला, त्यात समुद्राला लागून काहीतरी सुसाट चाललंय असं वाटतं. नासाने नेमलेल्या स्वतंत्र गटाने सप्टेंबर २०२३ च्या अहवालात पडद्यावरच्याच आकड्यांवरून त्रिकोणमिती केली. वस्तू समुद्राला लागून नव्हतीच, १३,००० फुटांवर होती, आणि तिचा वेग ताशी ६०-६५ किलोमीटर निघाला, म्हणजे त्या उंचीवरच्या वाऱ्याबरोबर वाहणाऱ्या कशाचाही. सुसाट धावत होतं ते व्हिडिओ काढणारं विमान. एसटीतून खांब पळताना दिसतो, खांब कुठे पळतो?

त्याच वर्षी जुलैमध्ये डेव्हिड ग्रुश या माजी गुप्तचर अधिकाऱ्याने शपथेवर सांगितलं की सरकारकडे परक्या यानांचे अवशेष लपवलेले आहेत. मोठी बातमी झाली, मीही रात्री जागून ती साक्ष पाहिली, छातीत धडधड होत होती. पण त्यांनी स्वतः काही पाहिलं नव्हतं, दुसऱ्यांकडून ऐकलं होतं, आणि मार्च २०२४ मध्ये पेंटागॉनच्या याच विषयासाठी नेमलेल्या कार्यालयाने अहवाल दिला की असा कुठलाही पुरावा सापडला नाही. ज्यांना सरकार लपवतंय असं वाटतं त्यांना याने काही फरक पडत नाही, आणि त्यांच्याशी मी वाद घालत नाही. मी फक्त लाडबोरीकडे बोट दाखवतो.

कारण पुरावा कसा असतो ते मला आमच्या विदर्भाने दाखवलंय. आभाळातून खरोखर काहीतरी आलं. शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यातल्या हजारो लोकांनी ते पाहिलं. आणि मग कडी पडली, लोकांना उचलून नेता आली, वजन करता आलं, तिची वाट आकड्यांमध्ये आधीच लिहिलेली होती आणि ती त्या वाटेवरच सापडली. हातच्या कंकणाला आरसा कशाला. आणि त्याही आधीचं म्हणाल तर आमच्याच बुलडाण्यातलं लोणार. १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर, गावकरी लवणासुराची गोष्ट सांगायचे, जाणते लोक अनेक वर्षं ज्वालामुखी म्हणायचे, आणि १९७३ मध्ये तिथल्या दगडांत प्रचंड आघाताने तयार होणारी काच सापडली तेव्हा पक्कं झालं की हे अशनी आदळून झालेलं आहे. हजारो वर्षांपूर्वी आलेला एक दगड एवढी खूण ठेवून गेला, आणि १९४७ पासून एवढ्या तबकड्या येऊन गेल्या असं म्हणतात, त्यांचा एक स्क्रूसुद्धा कुठल्या प्रयोगशाळेच्या टेबलावर नाही, हे मला खटकतं, खूप खटकतं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये इम्फाळ विमानतळावर असंच काहीतरी दिसलं, विमानं काही तास थांबली, हवाई दलाची राफेल शोधायला गेली, काही सापडलं नाही. ती फाइलही उघडीच. त्याच्या आदल्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये हैदराबादवर पांढरा गोल दिसला तेव्हा मात्र उत्तर होतं, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या तिथल्या केंद्रातून सोडलेला फुगा. त्याला टांगलेली कुपी विकाराबाद जिल्ह्यातल्या एका शेतात उतरली आणि सगळं गाव गोळा झालं. पुढे कधीतरी पर्यटकांना वर न्यायचं म्हणून केलेल्या कुपीची ती चाचणी होती, त्यामुळे आकार अगदी आत कोणीतरी बसलेलं असावं असाच. आत कोणी नव्हतं.

आणि याच हैदराबादच्या फुग्यांनी मला या विषयातली सर्वात सुंदर गोष्ट दिली. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये आणि पुन्हा २००५ मध्ये इथूनच फुगे सोडले, थेट ४१ किलोमीटर उंचीपर्यंत, आणि निर्जंतुक केलेल्या नळ्यांमध्ये तिथली हवा भरून आणली. प्रश्न हाच होता, बाहेरून कोणी येतं का. फक्त त्यांनी तबकडीची वाट पाहिली नाही, जिवाणू शोधले. २००५ च्या हवेत जिवाणूंच्या तीन जाती अशा सापडल्या ज्या आधी कोणाला माहीत नव्हत्या, एकीला नारळीकरांचे गुरू, खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांचं नाव दिलं, एकीला आर्यभटाचं, एकीला इस्रोचं. आणि २००९ मध्ये हे जाहीर करताना इस्रोने लिहिलं की यावरून ते पृथ्वीबाहेरचे आहेत हे निर्णायकपणे सिद्ध होत नाही, पण काम पुढे न्यायला उत्साह मिळतो. विचार करा, ज्या माणसाला वाटत होतं की जीवन बाहेरून येत असावं, त्याच्या हातात नवा जीव आहे, सगळं जग टाळ्या वाजवायला तयार आहे, आणि कागदावर येतं की सिद्ध झालेलं नाही. मे २०२५ मध्ये नारळीकर सर पुण्यात गेले त्या दिवशी मी ते वाक्य पुन्हा काढून वाचलं. इतर लोक त्यांच्या पुस्तकांबद्दल लिहीत होते, मला मात्र त्या नळ्याच आठवत होत्या.

म्हणजे मला स्वतःला काय वाटतं? बाहेर कुठेतरी कोणीतरी असणार असं मला मनापासून वाटतं. पण अंतर बघा. सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षांवर. १९७७ मध्ये निघालेलं व्हॉयेजर-१ सेकंदाला १७ किलोमीटर धावतंय, त्या वेगाने एवढं अंतर कापायला ७०,००० पेक्षा जास्त वर्षं लागतील, आणि हे शेजारचं घर झालं. कोणी इतक्या लांबून येत असेल तर ते येणं मला इतकं मोठं, इतकं पवित्र वाटतं की ते कुठल्या तरी हललेल्या व्हिडिओवर, कुठल्या तरी ऐकीव साक्षीवर मानून टाकावं हे मनाला पटत नाही. खऱ्या पाहुण्याचा तो अपमान वाटतो मला. तो आला तर लाडबोरीच्या कडीसारखा यावा, हात लावता यावा, मोजता यावा, आणि मग गुढी उभारू.

काकू आता ब्याऐंशीच्या आहेत. गुडघ्यांमुळे गच्चीवर येणं कमी झालंय, पण पाडव्याला मात्र येतात, पुतणी हात धरून आणते. यंदाही पाणी मारलं, चटई घातली. त्यांनी बराच वेळ मावळतीकडे बघितलं, मग मला म्हणाल्या, "ते चीनचं होतं ना, त्या वर्षीचं?"

"हो काकू. रॉकेटचा टप्पा होता, जळून गेला."

"मला खिडक्या दिसल्या होत्या."

"मलाही दिसल्या होत्या."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. पदराने तोंड पुसलं. मग हळूच विचारलं, "पण आत कोणी नव्हतं ना रे?"

"नाही काकू," मी म्हटलं, "कोणीच नव्हतं."

"बरं झालं बापा," असं म्हणून त्यांनी पुतणीच्या हातातली गाठी घेतली आणि तिची एक चकती मोडून माझ्या हातावर ठेवली.